गराजच्या दाराचे सेन्सर छताला चिकटवलेत, हे चालतं का?

नवखा_एडिसन

मंडळी, जाणकारांची मदत हवीये, लांबण लागणार आहे त्याबद्दल आधीच सॉरी. फेब्रुवारीत इथे न्यू जर्सीत, एडिसनला, पहिलं घर घेतलं. दक्षिणमुखी आहे म्हणून आपल्यापैकी कुणी फारसं फिरकलं नाही आणि आम्हाला जरा कमीत पडलं (आईने फोनवर नाक मुरडलं ते वेगळं). दोन गाड्यांचं गराज, सोळा फुटी एकच रुंद दार, वर मोटर, तिच्यावर २००४ चं स्टिकर. इन्स्पेक्टरने रिपोर्टात दाराबद्दल काहीतरी लिहिलं होतं पण तेव्हा आम्ही छप्पर आणि रेडॉन वायू यातच इतके अडकलो होतो की ते पान धड वाचलंच नाही.

तर शनिवारी काय झालं, लेकाने (वय ४) त्याची स्कूटर बरोब्बर दाराच्या रेषेत टाकलेली, मी गाडी मागे घेऊन रिमोट दाबला आणि निघालो, तेवढ्यात करकर आवाज आला म्हणून ब्रेक मारला. दार स्कूटरवर बसलेलं. वर परत गेलंच नाही, हँडल वाकलं तरी मोटर आपली दाबतेच आहे. स्कूटर वीस डॉलरची, तिचं काही नाही. पण लेक आत तिच्यापासून चार पावलांवर उभा होता आणि बायको त्याच्या मागे, आणि तेव्हापासून पोटात गोळा आहे तो गेलेला नाही.

मग सेन्सर शोधायला लागलो. मित्रांच्या घरी बघितलंय, खाली दोन्ही बाजूंना ते छोटे डोळे असतात. आमच्याकडे तिथे नुसती स्क्रूची भोकं! वायर धरून धरून वर गेलो तर छताशी, मोटरच्या बाजूला, लाकडाच्या एका ढलपीवर दोन्ही सेन्सर समोरासमोर काळ्या टेपने गुंडाळून ठेवलेत, मध्ये जेमतेम चार इंच. म्हणजे दोघं आपले एकमेकांना बघत बसलेत आणि मोटरला वाटतंय खाली सगळं मोकळं आहे.

असं का केलं असेल मागच्या मालकाने? मी ते स्वतः खाली आणू शकतो का की माणूसच बोलवावा? आणि दुसरं म्हणजे दार उघडताना मध्येच हिसका देतं, दारावरच्या आडव्या दांड्यावर दोन जाड स्प्रिंगा आहेत त्यांना गंज आलाय. ऑफिसातला एकजण म्हणतोय शंभर डॉलर दे, मी व्हिडिओ बघून बदलून देतो. देऊ का त्याला? मे मध्ये सांगलीहून आईबाबा येतायत सहा महिन्यांसाठी, आणि बाबांना चालत्या लोकलमधून उतरल्यासारखं बंद होणाऱ्या दाराखालून वाकून निसटायची खोड आहे, मागच्या वेळी बहिणीकडे केलंय त्यांनी.


खटपट्या_डॅलस

सगळ्यात आधी मोटरचा प्लग काढ. खरंच, हे वाचून झाल्यावर नको, आत्ता जाऊन काढ आणि मग पुढचं वाच.

काढलास? बरं. तुझ्याकडे दोन वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी बिघडल्यात म्हणून स्कूटर चेपली. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती ओपनरला (म्हणजे दार उघडझाप करणाऱ्या मोटरला) दार अडकल्याचं ओळखणारं बाहेरचं काहीतरी साधन असलंच पाहिजे असा केंद्र सरकारचा नियम आहे, बहुतेक ठिकाणी ते म्हणजे हे डोळे. मध्ये काही आलं की दार खाली येता येता उलटं वर जायला हवं. आणि त्याच्याही आधीपासून, १९९१ पासून, दार एखाद्या गोष्टीला टेकलं तरी उलटायला हवं अशी अट आहे. हे सगळं काही उगाच आलेलं नाही, तेव्हा पोरं दाराखाली सापडून जायची म्हणून आलंय. तुझ्या मागच्या मालकाने पहिली सोय छताला टांगली, आणि दुसरी बहुतेक मोटरच्या मागचा जोर वाढवायचा स्क्रू पिळून पिळून मारून टाकली.

का केलं? आळस, दुसरं काय. सेन्सरला कचऱ्याचा डबा लागला, कोळ्याने जाळं केलं, वाकडा झाला, की दार बंद होत नाही, नुसतं खाली येऊन परत वर जातं आणि दिवा लुकलुकतो. मग शहाणे लोक हा जुगाड करतात. मी घर बघायला जातो तेव्हा आधी गराजच्या छताकडे बघतो, हे तिसऱ्यांदा ऐकतोय.

खाली आणणं तुझ्या हातचं काम आहे, वायर बेलच्या वायरसारखी बारीक आणि कमी व्होल्टेजची असते, फक्त प्लग काढलेला असू दे. जमिनीपासून सहा इंचांच्या वर बसवायचे नाहीत. लोकांना वाटतं उंच लावले की बरं, गाडी दिसेल, पण रांगणारं मूल किंवा आडवा पडलेला माणूस मग खालून सुटतो. दोन्हीचे दिवे न मिचकावता सलग लागले म्हणजे सरळ रेषेत आहेत. एवढे जुने सेन्सर असतील तर नवीन जोडीच घे, फार महाग नसते, पण तुझ्याच ओपनरला चालणारी बघून घे.

मग दोन टेस्ट. दार खाली येत असताना सेन्सरच्या मधून झाडू सरकव, लगेच वर गेलं पाहिजे. पाय नको घालूस, झाडू. दुसरी म्हणजे टू बाय फोर लाकडाचा तुकडा दाराच्या मधोमध जमिनीवर आडवा, चपटा ठेवायचा आणि बंद करायचं. लाकडाला टेकल्यापासून दोन सेकंदांत उलटं फिरलं पाहिजे. हे दर महिन्याला. मी क्रेडिट कार्डचं बिल भरतो त्याच दिवशी करतो, नाहीतर आठवणीत राहत नाही.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. भिंतीवरचं बटन दाबून धरून ठेवलं तर बहुतेक मोटरी सेन्सरला न जुमानता दार बंद करतात. ती सोय सेन्सर बिघडल्यावर डोळ्यासमोर दार बंद करता यावं म्हणून आहे, पण घरातल्यांना तेवढंच कळतं की "दाबून धरलं की होतं" आणि मग तीच सवय लागते. आईबाबांना हे शिकवू नकोस.


वहिनीसाहेब

खटपट्यांनी सेन्सरचं सगळं सांगितलंय, मी स्प्रिंगचं सांगते कारण आमच्याकडे तुटलीये.

जानेवारीतली गोष्ट, शिकागोकडची थंडी, रात्री पावणेदोनला धाडकन आवाज. मला वाटलं छतावरून बर्फ पडला, ह्यांना वाटलं कुणी गोळी झाडली, दोघं जिन्यात उभे. काही सापडलं नाही म्हणून झोपलो. सकाळी ह्यांनी बटन दाबलं तर मोटर कण्हतेय आणि दार चार इंच उचलून थांबलंय. दोनदा परत दाबलं, मग आतून दात घासल्यासारखा आवाज यायला लागला. तेव्हा वर बघितलं तर स्प्रिंगमध्ये मधोमध दोन बोटांची फट. म्हणजे स्प्रिंगबरोबर मोटरचा गिअरही गेला, तो आमच्या हट्टापायी.

हे मला तेव्हा कळलं की दार मोटर उचलतच नाही, स्प्रिंग उचलते. मोटर फक्त ढकलते. दोन गाड्यांचं दार शंभर किलोच्या आसपास सहज असतं, ते एका हाताने उचललं जातं कारण वजन स्प्रिंगने पेललेलं असतं. साध्या स्प्रिंगा साधारण दहा हजार वेळा उघडझाप धरून बनवतात. ऐकायला खूप वाटतं ना? आमच्या घरात सगळे गराजमधूनच ये-जा करतात, पुढचं दार फक्त पिझ्झावाल्यासाठी आणि दिवाळीत. दिवसाला आठ धरा, साडेतीन वर्षांत खलास. आमच्या तर सहा वर्षं टिकल्या म्हणजे बोनसच.

आणि हे नीट लक्षात ठेवा. दार उघडं असताना स्प्रिंग तुटलेली असली किंवा तसा नुसता संशय जरी असला, तरी मोटरच्या रुळाला लोंबकळणारी ती लाल दोरी ओढायची नाही. दोरी ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि वर धरून ठेवायला कुणीच उरत नाही, सगळं वजन सरळ खाली येतं. दार बंद असतानाच ओढायची.

दोन्ही स्प्रिंगा एकदम बदला, एक तुटली की दुसरीचंही वय तेवढंच असतं. आम्हाला साडेतीनशे पडले, गिअरचे वेगळे.


चिक्कू_मारवाडी_नाही

साडेतीनशे?? मी दोन वर्षांपूर्वी स्वतः बदलल्या, स्प्रिंगा आणि त्या पिळायचे दोन लोखंडी बार मिळून दीडशेच्या आत. एवढं घाबरवू नका लोकांना, व्हिडिओत सगळं दाखवतात.


खटपट्या_डॅलस

चिक्कूभाऊ, तुम्ही केलं आणि दहाही बोटं जागेवर आहेत, आनंद आहे. मी ड्रायवॉल करतो, प्लंबिंग करतो, गाडीचे ब्रेक बदलतो, बायको मला घरात हार्डवेअरचं दुकान म्हणते. पण स्प्रिंगला हात लावत नाही. सात फुटी दाराला ती सुमारे साडेसात वेढे पिळलेली असते, म्हणजे पाव-पाव फेऱ्याने तीस वेळा बार घालायचा आणि काढायचा. तीसपैकी एकदा बार निसटला तर तो काय करेल ते व्हिडिओवाला दाखवत नाही. त्यातून लोक बारऐवजी हातातला स्क्रूड्रायव्हर घालतात. तो भोकात सैल बसतो. आमच्या शेजाऱ्याने घातला होता, मनगटात प्लेट आहे त्याच्या, आणि तो बिचारा व्यवसायाने मेकॅनिक.

नवख्या, ऑफिसवाल्या मित्राला शंभर डॉलरचं जेवण घाल, स्प्रिंग नको देऊस. त्याला काही झालं तर तुझ्या घरात झालेलं असेल हेही बघ.

आणि दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांत लोखंडी ब्रॅकेट असतात, तिथून वायरचा दोर वर जातो. तिथले बोल्ट बऱ्याचदा लाल रंगवलेले असतात. "जरा सैल वाटतोय, आवळून टाकू" म्हणून तिथे पाना लावायचा नाही, तो दोर त्या स्प्रिंगच्याच ताणाखाली असतो. जे मोठे स्क्रू दाराच्या आडव्या पट्ट्यांच्या मधल्या बिजागऱ्यांना असतात ते खुशाल आवळा. चाकांना आणि बिजागऱ्यांना वर्षातून दोनदा सिलिकॉन किंवा लिथियमचा स्प्रे मारा. डब्ल्यूडी फॉर्टी नको, ते असलेलं ग्रीस धुऊन काढतं. चाकं ज्यातून धावतात त्या पन्हळीत काही मारू नका, नुसती पुसून घ्या.


नवखा_एडिसन

प्लग काढलाय. काढायच्या आधी तो टू बाय फोर ठेवून बघितला (लेकाला वरच्या मजल्यावर कोंडून). दार लाकडावर आलं आणि थांबलंच नाही, लाकूड चर्रर्र वाजलं आणि मोटर गुरगुरत राहिली, मीच घाबरून बटन दाबलं. लाकडावर दाराच्या रबराची आणि पत्र्याची खूण उमटलीये, ती बायकोला दाखवली, त्यानंतर माणूस बोलवायला तिच्याकडून परवानगी मागावी लागली नाही.

बंद दारावर लाल दोरी ओढून हाताने उचलायचाही प्रयत्न केला, गुडघ्यापर्यंत आलं आणि सोडल्यावर खाली बसलं. हे नॉर्मल आहे का?


वहिनीसाहेब

नाही हो. स्प्रिंग धड असेल तर अर्ध्यावर सोडलं की दार तिथेच तरंगत राहायला हवं, कमरेच्या आसपास. खाली येतंय म्हणजे स्प्रिंग दमलीये. म्हणूनच उघडताना हिसका देतंय. आता परत उचलू नका, पाठ धराल.

आणि ते उचलताना हात कुठे घातलात? दार पट्ट्यापट्ट्यांचं असतं ना, वळणावर दोन पट्ट्यांमधली फट उघडते आणि सरळ होताना मिटते. बाहेरून फटीत बोटं घालून ओढायची लोकांना सवय असते. हँडल नसेल तर आतून बाहेरून दोन्हीकडे लावून घ्या, तीच माणसं लावून देतील. मुलाला पण एकच शिकवा की दाराला हात लावायचा नाही, आणि भिंतीवरचं बटन पाच फुटांच्या खाली असेल तर वर घ्या. रिमोट खेळायला मिळता कामा नये. माझी धाकटी दाराला लोंबकळून वर जायची, मला सहा महिन्यांनी शेजारणीकडून कळलं!


बेएरियाकर

लाल दोरीबद्दल थोडं. वर वहिनींनी सांगितलं ते बरोबरच, पण दोरीला घाबरून कुणाला दाखवायचीच नाही असंही करू नका. आमच्याकडे कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि काही म्हाताऱ्या माणसांना गराजचं दारच उघडता आलं नाही, गाडी आत आणि आग दारात. त्यानंतर कायदा आला, १ जुलै २०१९ पासून इथे विकल्या जाणाऱ्या घरगुती ओपनरला बॅटरी असलीच पाहिजे. न्यू जर्सीत सक्ती नसली तरी नवीन ओपनर घेणार असाल तर बॅटरीवालाच घ्या. २००४ चा आहे, जोराचा स्क्रू पिळलेला आहे, मी तर बदलूनच टाकेन.

आईबाबा आले की पहिल्या दिवशी, दार बंद असताना, मोटर बंद ठेवून, दोघांना एकेकदा दोरी ओढून दार हाताने वर करायला लावा. स्प्रिंगा नवीन झाल्यावर अर्थात.

अवांतर: थंडीत गाडी गरम करायला गराजमध्ये चालू ठेवायची नाही, दार उघडं असलं तरी नाही, हेही त्यांना सांगा. माझ्या सासऱ्यांनी "दार उघडंय की" म्हणून ठेवली होती आणि आतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोंबलायला लागला.


कोथरूडचा_ज्ञानी

आमच्याकडे गराज वगैरे चोचले नाहीत पण धागा वाचताना गेट आठवलं. पुण्यात बंगल्यांना आणि सोसायट्यांना ती लोखंडी सरकती गेटं असतात ना, रुळावरची. रुळाच्या टोकाला स्टॉपर नसला किंवा गंजून पडला की गेट रुळावरून पुढे जातं आणि आडवं होतं, आणि ढकलणारा असतो वॉचमन नाहीतर गेटावर झुलणारं पोर. आमच्या सोसायटीत मोटर बसवली चार वर्षांपूर्वी, सेन्सर दिला होता, तो मोटरसायकलवाल्यांना आडवा येतो म्हणून सेक्रेटरींनी काढून ठेवला. एडिसन काय आणि कोथरूड काय. उद्याच मीटिंगमध्ये काढतो विषय.


चिक्कू_मारवाडी_नाही

ज्ञानीकाका, विषय निघेल आणि चहापानावर संपेल.

बरं नवखा, मी हट्ट सोडतो, पोर चार वर्षांचं आहे म्हटल्यावर माणूसच बोलवा. फक्त "पंचवीस डॉलरात सर्व्हिस" लिहिलेल्या फ्लायरवाल्याला बोलवू नका. असे लोक पंचवीसमध्ये येतात आणि अकराशेचं बिल करून जातात. फोनवरच विचारा दोन्ही स्प्रिंगांचे, लावण्यासकट, किती, आणि किती हजार उघडझापीच्या आहेत. वीस हजारवाल्याही मिळतात, थोड्या महाग पण माझ्या नावात काहीही असलं तरी त्याच घ्या.


नवखा_एडिसन

अपडेट. माणूस येऊन गेला. दोन्ही स्प्रिंगा वीस हजारवाल्या, खालचे दोर, झिजलेली चाकं आणि ओपनर नवीन, बॅटरीवाला. खर्च लिहीत नाही, चिक्कूभाऊंना झोप लागणार नाही. दार आता दोन बोटांनी उचललं जातं आणि अर्ध्यावर सोडलं की तिथेच राहतं, मी तीन-चार वेळा नुसतंच गंमत म्हणून करून बघितलं. सेन्सर साडेपाच इंचांवर. लाकडाची टेस्ट पास, टेकलं आणि लगेच वर.

पण ऐका ना. काल संध्याकाळी पाचनंतर दार बंदच होईना! खाली येतं, परत वर, दिवा लुकलुक. जाळं नाही, काही आडवं नाही, दोन्ही सेन्सर सरळ. सहा वाजून गेल्यावर आपोआप बंद झालं. आज परत तेच, पाचला. आता मला कळतंय मागच्या मालकाने ते छताला का नेले.


खटपट्या_डॅलस

हाहा, ऊन. दार दक्षिणेकडे आहे म्हणालास, म्हणजे सेन्सर पूर्व-पश्चिम एकमेकांकडे बघतायत. त्यातला एक किरण पाठवतो आणि दुसरा घेतो. घेणारा पूर्वेच्या बाजूला बसवला असणार, म्हणजे त्याचं तोंड पश्चिमेला, संध्याकाळचं तिरपं ऊन थेट त्याच्या डोळ्यात, त्याला किरण दिसतच नाही. उद्या पाचला जाऊन बघ, पूर्वेकडच्याचा दिवा विझलेला असेल.

दोघांची अदलाबदल कर, बाकी काही नाही. घेणारा पश्चिमेच्या भिंतीला, तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन आडवं येत असेल तर मग पुठ्ठ्याची नळी कापून त्याच्यापुढे टोपीसारखी लाव, किंवा प्लास्टिकच्या पाइपचा तीन इंची तुकडा.


नवखा_एडिसन

बरोब्बर! पूर्वेकडच्याचा हिरवा दिवा विझलेला होता, समोर हाताची सावली धरली की लागायचा. अदलाबदल केली, सकाळी शेजाऱ्याचा मेपल आडवा येतो त्यामुळे नळीसुद्धा लागली नाही. वीस मिनिटांचं काम, ज्यासाठी त्या माणसाने वीस वर्षं सेन्सर छताला टांगले असतील. आईला फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाली, मी म्हटलं नव्हतं दक्षिणमुखी घेऊ नका.


नवखा_एडिसन

धागा वर काढतोय, वहिनी विचारत होत्या म्हणून. आईबाबा आलेत. लाल दोरी दोघांनाही जमते, आईला बाबांपेक्षा लवकर जमली. वाकून निसटणं बंद व्हावं म्हणून मी बाबांना तो टू बाय फोर दाखवला, खूण उमटलेला. काही बोलले नाहीत, बोट फिरवून बघितलं. आता संध्याकाळी फिरून आले की दार पूर्ण टेकेपर्यंत आत उभे राहतात, आणि टेकल्यावर एकदा हाताने हलवून बघतात, सांगलीला कुलूप लावून ओढून बघतात तसं.